शब्द नसलेला अल्बम आणि त्याला चिकटलेली रात्र: तुमचे अनुभव सांगा

निमूट
काल माळा आवरताना एक सीडी हाती लागली. वर मार्करने फक्त 'रात्री' लिहिलंय. नाव नाही, साल नाही, आणि अक्षर माझं नाही. आता ती लावायची कशावर? शेवटी भावाच्या जुन्या लॅपटॉपचा ट्रे पिन खुपसून उघडला. आधी बराच वेळ नुसती घरघर. मग पहिला सूर आला आणि हातातल्या फडक्यासकट मी तिथेच बसले.

बोर्ड्स ऑफ कॅनडा या जोडीचा 'म्यूझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन', १९९८चा. नावात कॅनडा असला तरी दोघे भाऊ स्कॉटलंडचे. लहानपणी कॅनडाच्या फिल्म बोर्डाचे माहितीपट बघायचे, त्यावरून नाव घेतलं. सगळं ऐकताना असं वाटतं की कॅसेट उन्हात राहून गेली होती. सूर किंचित उतरलेले, डुगडुगणारे. मध्येच पोरांचे आवाज. एका ठिकाणी एक बाई आकडे मोजत राहते, आधी क्रमाने, मग भलतेच.

प्रबंधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आमच्या खोलीत हा रोज रात्री वाजायचा. मी आणि माझी रूममेट, दोघी पाठीला पाठ करून टंकत बसायचो. ती बाई आकडे चुकायला लागली की दोघीही मागे न वळता मोठ्याने चुकीचे आकडे म्हणायचो. बस्स. या संगीताबद्दल आम्ही कधी एक वाक्य बोललो नाही. पुढे एका फालतू कारणावरून (इतकं फालतू की इथे लिहायची लाज वाटते) बोलणंच बंद झालं. त्याला बारा वर्षं झाली.

काल ऐकताना सारखं काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. सीडी खराब झाली असेल म्हणून पुन्हा लावली. मग लक्षात आलं, तिची खुर्ची करकरायची. ती करकर अल्बममध्ये नाही.

तुमचा असा कुठला अल्बम? संथ, धूसर, यंत्रांवर वाजवलेला, गुणगुणता न येणारा (डाउनटेम्पो, ॲम्बियंट म्हणतात तसा). कधी, कुठे, कसा चिकटला? मोठं लिहा, छोटं लिहा.

पेंगुळलेला
सर्व्हर रूम, रात्रपाळी, पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचा 'डमी' (१९९४). मी एकटा आणि चाळीस पंखे. साहेब अचानक तपासणीला आले. स्पीकरमधून खर्र खर्र, त्यावर त्यांच्या गायिकेचा रडवेला आवाज. साहेब दोन मिनिटं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हार्ड डिस्क गेली का रे?"

मी शपथेवर सांगितलं की खरखर मुद्दाम आहे. हे लोक स्वतःच वाजवायचे, ते तबकडीवर छापून घ्यायचे, तबकड्या मुद्दाम झिजवायचे आणि मग त्यातले तुकडे वापरायचे. साहेबांना पटलं नाही. सगळ्या डिस्क तपासायला लावल्या. आणि एक खरंच जायला आली होती!! तेव्हापासून साहेब मला हुशार समजतात.

टेपरेकॉर्डर
धागा छान. पण 'डमी' ट्रिप-हॉप (हिप-हॉपच्या संथ ठेक्यावरचं संगीत) आहे, यात बसत नाही. डाउनटेम्पो म्हणजे साधारण मिनिटाला साठ ते शंभर-एकशेदहा ठोके, आणि ॲम्बियंटमध्ये ठोका बहुधा नसतोच. धागाकर्तीने व्याख्या द्यायला हवी होती.

मीच_ती
झालं, आले पोटजाती पाडणारे.

पेंगुळलेला
@टेपरेकॉर्डर माझी व्याख्या सोपी आहे. मान हलली तर डाउनटेम्पो, मान पडली तर ॲम्बियंट.

निमूट
हाहा, सगळं चालेल हो. व्याख्या नकोत.

गोधडी
बाळ आत्ताच झोपलंय त्यामुळे घाईत, चुका समजून घ्या.

सिझेरियननंतरचा दुसरा दिवस. नवऱ्याने जाताना माझ्यासाठी म्हणून फोनवर ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचा 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) लावून दिला आणि फोन ठेवला समोरच्या टेबलावर. आवाज इतका बारीक की निम्मा ऐकूच येईना. मला उठता येत नाही, हसता येत नाही, शिंकता येत नाही. बेल वाजवून नर्सला "जरा आवाज वाढवा हो" म्हणणं बरं दिसेना. मग पडून राहिले. पियानोचे दोनचार सूर यायचे, मग काहीच नाही, मग बाहेरची ट्रॉली, मग परत पियानो. तासाभराने कळेना की ट्रॉली गाण्यात आहे की गाणं ट्रॉलीत.

खरी गंमत पुढे. नंतर वाचलं की १९७५मध्ये ईनोचंही असंच झालं होतं. अपघात होऊन तो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची जुनी रेकॉर्ड आणली. ती लावून तो आडवा झाला तेव्हा कळलं की आवाज फार कमी आहे आणि एक बाजू बंदच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस, मध्येमध्ये हार्प. तिथून त्याला सुचलं की संगीत असंही ऐकता येतं, खोलीतल्या उजेडासारखं, आजूबाजूला असलेलं. मी वाचून नवऱ्याला फोन केला की तू अजाणता इतिहास घडवलास. तो म्हणाला, म्हणजे

गोधडी
उठलं. बाकी नंतर.

कानसेन
@गोधडी दंडवत! अगदी पटलं. त्या अल्बममधला दुसरा तुकडा नुसत्या गळ्यांचा आहे. एकेक स्वर टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरत ठेवलाय. कुठलं वेटोळं कधी परत येणार याचा मेळ बसत नाही, म्हणून स्वरांची गाठ दर वेळी निराळी पडते. कुणीही 'आता इथे हा स्वर' असं ठरवून लिहिलेलं नाही.

मी आयुष्यभर रागसंगीत ऐकणारा माणूस. मुलीने हे ऐकवलं तेव्हा अर्धा तास सुरुवात कधी होणार याची वाट बघत बसलो होतो. तानपुरे लावून झाले, आता गवई कुठे आहे? ती म्हणाली, "बाबा, गवई येणार नाहीये." राग आला होता. आता संध्याकाळी स्वतःहून लावतो. गवई न येण्यातही मजा असते.

अर्धवट
मला हे संगीत म्हणजे फोनवर "कृपया थांबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे" वाटतं. सॉरी. अनुभव एवढाच.

मीच_ती
@अर्धवट +१, पण हळू बोला, टेपरेकॉर्डर येतील.

सातवा_मजला
ग्लोबल कम्युनिकेशन या जोडीचा '७६:१४' (१९९४). अल्बमचं नाव म्हणजे त्याची लांबी, शहात्तर मिनिटं चौदा सेकंद. आतल्या तुकड्यांनाही नावं नाहीत, ज्याची जितकी लांबी तेच नाव. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच काही चित्र घालायचं नाही म्हणून. कल्पना थोर, पण मित्राला सांगताना पंचाईत. "अरे ते चौदा एकतीस ऐकलंस का?" "कसली वेळ आहे ही? गाडीची का?"

तर या चौदा एकतीसमध्ये घड्याळाची टिकटिक आहे. मला माहीत नव्हतं. नवं घर, पहिली रात्र, सामान खोक्यांत, दिवे बंद, लॅपटॉपवर हे. टिकटिक ऐकून वाटलं भिंतीवरचं घड्याळ आज फारच वाजतंय. उठून काढलं, उशीखाली कोंबलं. टिकटिक चालूच. सेल काढले. तरी टिकटिक चालू!! सेल एका हातात, घड्याळ दुसऱ्या हातात, आणि मी अंधारात त्याला कान लावून उभा. त्या दोन मिनिटांत मी घरमालकापासून पिशाचापर्यंत सगळ्यांचा विचार केला.

मग टिकटिक संपून पुढचा तुकडा लागला.

सकाळी घड्याळ बंद, गजरही विसरलेला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी दीड तास उशीर.

पेंगुळलेला
😂😂😂 सेल हातात घेऊन

मीच_ती
मी बसमध्ये हे वाचून हसतेय, शेजारच्या काकू फोनमध्ये डोकावतायत. काकू, नमस्कार.

भुंगा
मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, लहानपणापासून. त्याची सवय आहे, पण हेडफोनची भानगड कळायला बरीच वर्षं गेली. जाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराचा 'ऑक्सिजन' (१९७६) मला फार आवडायचा. हा त्याने स्वतःच्या घरातल्या जुजबी स्टुडिओत केला होता. त्यात आवाज मध्येच विरतात, बराच वेळ शांतता, मग परत उगवतात. मी मित्राला म्हटलं, काय जबरदस्त जागा सोडल्यात याने! मित्र म्हणाला, कुठल्या जागा?

आवाज विरत नव्हते. ते दुसऱ्या कानात जात होते.

फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाची सेटिंग असते, सुलभतेच्या विभागात. ती चालू केली की दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच कानात येतात. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, मला कुणी सांगितलं नव्हतं. चालू करून पूर्ण अल्बम ऐकला. भरगच्च वाटला. खरं सांगू का, मला माझाच जास्त आवडायचा, शांततावाला. अजूनही कधीकधी सेटिंग बंद करून ऐकतो.

निमूट
@भुंगा हे वाचून थांबले जरा. तुमचा 'ऑक्सिजन' आम्हाला कधीच ऐकता येणार नाही.

टेपरेकॉर्डर
@निमूट येईल की. डावा हेडफोन काढून ऐका.

भुंगा
@टेपरेकॉर्डर हाहा. पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत.

खिडकीतला
विल्यम बेसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराचे 'डिसइंटिग्रेशन लूप्स' कुणी ऐकलेत का? २००१मध्ये त्याने स्वतःच्या जुन्या टेपा संगणकावर उतरवायला घेतल्या आणि त्या वाजता वाजताच झडायला लागल्या. टेपवरचा चुंबकी थर सुटत होता. त्याने थांबवलं नाही, फिरू दिल्या. तेच सूर परत परत, आणि दर फेरीला थोडे कमी.

मी हे ऐकलं ते नुसतं ऐकण्यासाठी. दोन वर्षांनी आईच्या कपाटात कॅसेट मिळाली. कुणीतरी म्हणालं की त्यात बाबांचा आवाज आहे. उधारीचा टेप, वायर, सगळी जुळवाजुळव केली. कॅसेटभर कुठल्यातरी समारंभाचा गोंगाट, आणि अगदी सुरुवातीला बाबा, जवळून: "चालू झालं का? लाल दिवा लागलाय का?" एवढंच. परत ऐकायला मागे घेतली तर हेडवर (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) तपकिरी भुकटी. मी टेप बंद केला. अल्बम ऐकताना मला तो झडणारा आवाज सुंदर वाटला होता. स्वतःच्या टेपवर ती भुकटी बघितल्यावर पुढे न्यायची हिंमत झाली नाही.

पहिली फेरी मात्र उतरली आहे. सात सेकंद.

कानसेन
काय बोलावं. सात सेकंद जपा, दोनतीन ठिकाणी प्रत ठेवा.

गोधडी
🙏 वाचून डोळे भरले. (आणि मगाचं राहिलेलं: नवरा म्हणाला, "म्हणजे आवाज कमी ठेवला म्हणून तू चिडलेली नाहीस ना?" इतिहास वगैरे त्याच्या डोक्यावरून.)

टेपरेकॉर्डर
@खिडकीतला कॅसेट फेकू नका, आणि पुन्हा वाजवूही नका. जुन्या टेपांवर काम करणाऱ्या कुणाला तरी दाखवा. काही प्रकारच्या टेपा मंद उष्णतेवर काही तास ठेवून तेवढ्यापुरत्या वाजवण्याजोग्या करतात, पण ते कॅसेटच्या जातीवर अवलंबून असतं. घरी प्रयोग करायला जाल तर उरलेलीही जाईल. हेड मात्र आत्ताच पुसून घ्या.

मीच_ती
माघार. टेपरेकॉर्डर, तुम्ही कामाचे आहात.

सातवा_मजला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे; दोनदा पडला)

अर्धवट
वरचं सगळं वाचून बोर्ड्स ऑफ कॅनडा लावून बघितला. कंटाळा आलाच. पण बंद करायचं राहून गेलं आणि संपला तेव्हा घर एकदम रिकामं वाटलं. याला आवडणं म्हणतात का?

पेंगुळलेला
@अर्धवट हो. सुरुवात अशीच होते. घरच्यांना सांगून ठेवा.

निमूट
सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं आहे, पण आधी ताजी बातमी.

काल रात्री त्या सीडीचा फोटो काढला आणि तिला पाठवला. नंबर तोच असेल याची खात्री नव्हती. सोबत काही लिहिलं नाही. चार तासांनी उत्तर आलं, जसंच्या तसं देते:

"ही माझी सीडी आहे. आणि हे मला कधीच आवडलं नाही. तुला लागायचं म्हणून लावायचे."

मी चाट. मी तर तीन महिने तिला लागतं म्हणून ऐकत होते! पहिले दोन आठवडे डोकं दुखायचं माझं.

सातवा_मजला
म्हणजे त्या खोलीत तो अल्बम कुणालाच नको होता?!

कानसेन
फक्त खुर्चीला हवा होता.

गोधडी
पुढे काय बोललात??

निमूट
विशेष काही नाही. मी लिहिलं, "एक, दोन, तीन, चार". तिकडून आलं, "एकोणतीस". नंतर ती ऑफलाइन गेली. सीडी परत हवीये का ते विचारायचं राहिलंय.

पेंगुळलेला
@निमूट अवांतर, पण ट्रे उघडायला साधी टाचणी चालते का? माझाही अडकलाय आणि आत 'डमी' आहे.

निमूट
टाचणी वाकते. यू-पिन सरळ करून घ्या. बटणाजवळ बारीक भोक असतं, त्यात सरळ घाला, थोडा जोर लागतो. लॅपटॉप आधी बंद करा.

पेंगुळलेला
उघडला. आत 'डमी' नाही, बायकोच्या प्रोजेक्टचा बॅकअप आहे. ती गेलं वर्षभर तो शोधतेय. कधी सांगू?