घरातील सेल गळू नयेत म्हणून नोंद कशी ठेवावी?

प्रश्न: आईच्या रेडिओतील अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरा, भुरभुरीत थर चढला आहे. घड्याळे, रिमोट, विजेरी यांत सेल कधी घातले, हे लक्षात राहत नाही. आपण काय करता?

उत्तर १: झाकणाच्या आतल्या बाजूस कागदी चिकटपट्टी लावून मी महिना व वर्ष लिहितो आणि दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक झाकण उघडून पाहतो. क्वचित लागणाऱ्या विजेरीतले सेल मात्र काढूनच ठेवावेत.

उत्तर २: तो थर गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून (सेलमधील त्वचा भाजणारा अल्कधर्मी पदार्थ) बनलेला असल्याने हातमोजे घालून, व्हिनेगरने किंचित ओलावलेल्या कापसाने पुसावा. जुना व नवा सेल एकत्र कधीही घालू नये, कारण दुर्बल सेल उलट भारित होऊन आत हायड्रोजन वायू साचतो आणि सील फुटते.

प्रश्नकर्ता: स्प्रिंग स्वच्छ झाली, रेडिओ पुन्हा लागला. मनःपूर्वक आभार.