ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) ६३५ वरून खाली आलं, जेट अजून बारीक करू का?

रीडवाला१२५:
नमस्कार मंडळी, १२५ सीसी टू स्ट्रोक गिअरबॉक्स कार्ट (रेसिंगची छोटी गाडी) आहे, वॉटर कूल्ड, रीड व्हॉल्व्ह, डेलॉर्टोचा ३० चा कार्ब (कार्बुरेटर). नवीन लॉगर बसवला त्यात ईजीटीचा प्रोब पण आहे. सगळे सांगतात स्ट्रेटच्या शेवटी ६५० डिग्री दिसेपर्यंत जेट बारीक करत जायचं. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं भोक, आकडा लहान तितकं पेट्रोल कमी) १६८ वर ६१० दाखवत होतं, १६५ टाकलं तर ६३५ झालं आणि गाडी वरच्या आरपीएमला मस्त मोकळी पळायला लागली. मग १६२ टाकलं, वाटलं आता ६५० येणार, तर उलट ६१५ वर आलं आणि पाण्याचं टेम्परेचर जे एरवी ५० च्या आसपास असतं ते ५५ च्या वर. हवा तीच, टायर तेच. मग ही परत रिच (पेट्रोल जास्त) झाली का? १६० टाकून बघू? प्लग तर छान फिकट दिसतोय.

जुनासिलिंडर:
थांबा!! १६० अजिबात टाकू नका, १६२ वर पण आता एकही लॅप मारू नका. जेट बारीक केलं की गाडी रिच कशी होईल? आकडा खाली आला म्हणजे रिच, हे फक्त रिच बाजूला खरं, कारण तिथे जास्तीचं पेट्रोल उष्णता खातं. लीन (पेट्रोल कमी) करत गेलात की आकडा चढतो, आणि एका टप्प्यानंतर डिटोनेशन (मिश्रणाचा धक्क्यासारखा स्फोट) सुरू झालं की परत उतरतो, कारण तेव्हा पिस्टनच्या आणि हेडच्या पृष्ठभागाला लागून जो तुलनेनं थंड गॅसचा पातळ थर असतो तो त्या धक्क्यांनी उडून जातो आणि जी उष्णता पाईपातून बाहेर जायची ती सरळ पिस्टन, हेड आणि पाण्यात घुसते. तुमचं ईजीटी २० नी उतरलं आणि पाणी ५ नी चढलं, हे दोन्ही एकदम झालं ना, तेच लक्षण. नुसतं ईजीटी बघितलं असतं तर कळलंच नसतं.

हेड काढा. स्क्विश बँडवर (हेडच्या कडेची पिस्टनला जवळ येणारी पट्टी) आणि पिस्टनच्या कडेला, खास करून एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला, वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे आहेत का बघा. प्लगची पोर्सेलीन (टोकाचा पांढरा चिनीमातीचा भाग) भिंगाखाली धरा, त्यावर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. फिकट दिसतोय म्हणून खूश होऊ नका.

थर्मोकपल_के:
वरचं सगळं बरोबर, पण मुळात ते ६५० कुणाचं? प्रोब पिस्टनपासून किती लांब बसवलाय? सहसा १०० ते १५० मिमी वर लावतात, तो २०-३० मिमी इकडे तिकडे झाला तरी आकडा बदलतो, टोक पाईपाच्या मध्यापर्यंत गेलंय का भिंतीपाशीच थांबलंय यानेही बदलतो. त्यामुळे दुसऱ्याच्या इंजिनचा आकडा आपल्या इंजिनला लावायचाच नाही, आपला प्रोब एका जागी पक्का करायचा आणि आपल्याच आधीच्या रनशी तुलना करायची. आणि प्रोबची वायर वाढवली असेल तर के टाइपचीच (प्रोब ज्या धातूंचा असतो त्याच धातूंची) लावा, साधी तांब्याची जोडली तर तो जोड गरम झाला की रीडिंग हलतं. जाड शीथचा (बाहेरच्या आवरणाचा) प्रोब सावकाश वाचतो, म्हणून छोट्या स्ट्रेटवर खरा वरचा आकडा यायच्या आत तुम्ही ब्रेकवर असता.

लॅम्बडा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावा असं कुणी सांगायच्या आधीच सांगतो, टू स्ट्रोकमध्ये ताजा चार्ज थोडा न जळताच पोर्टातून निसटतो, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो आहे त्यापेक्षा लीन दाखवतो.

पाईपवेडा:
टाइमिंगचं पण बोला की कुणीतरी. इग्निशन रिटार्ड केलं (ठिणगी उशिरा) की ईजीटी वाढतं, अ‍ॅडव्हान्स केलं (ठिणगी लवकर) की कमी होतं, जेटला हात न लावता. एक्झॉस्टचा पाईप तापला की त्यातला आवाजाचा वेग वाढतो, तो केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळावर चालतो, म्हणजे ६०० वरून ६५० डिग्रीला गेलात की साधारण ३ टक्के, १२००० ला ट्यून असलेला पाईप १२३०० च्या पुढे काम करायला लागतो. १६५ वर गाडी वर मोकळी वाटली त्यात याचाही हात आहे. म्हणून वरचा रेव्ह हवा असेल तर सगळं काम जेटकडून करून घेऊ नका, आधी टाइमिंग बघा, पिस्टन वाचेल.

रीडवाला१२५:
हेड काढलं. एक्झॉस्ट बाजूला पिस्टनची कड अगदी वाळू मारल्यासारखीच आहे, हेडवर पण खड्डे, प्लगवर दोन तीन ठिपके. वेळेवर अडवलंत, खरंच आभार. पुढे कुठून सुरू करू?

जुनासिलिंडर:
पिस्टन रिंग नवीन, हेडची कड साफ करून घ्या, खड्डे राहिले तर तिथूनच परत सुरू होईल. स्क्विश (पिस्टन वर आल्यावर हेडशी राहणारी फट) आणि कॉम्प्रेशन मोजा. मग कार्ब आणि एक्झॉस्ट बंद करून ६-७ पीएसआय हवा भरा आणि काही मिनिटं टिकते का बघा, इग्निशन बाजूचं क्रँक सील (क्रँकभोवती हवा अडवणारं) गळत असेल तर जेटिंगचा सगळा खेळ खोटा. हे सगळं नीट निघालं की १७० टाकून सुरुवात, एका वेळी एकच साइज खाली, आणि लॉगरवर ईजीटी आणि पाणी एकाच ग्राफवर ठेवा. ईजीटी चढायचं थांबलं आणि पाणी चढायला लागलं की दोन साइज मागे या, मग तो आकडा ६५० असो की ६२५.