उमललेल्या फुलाला दुसऱ्या झाडाचे पराग कशासाठी लागतात?

प्रश्न (रानवाट):
एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारी शेजारी असूनही बी धरण्यासाठी कीटकांची किंवा वाऱ्याची वाट का पाहावी लागते, हे मला समजून घ्यायचे आहे. केना या तणाला जमिनीखाली कधीच न उमलणारी फुले येतात आणि त्यांतही बी धरते. मग पाकळ्या, रंग आणि मध यांवर झाड एवढी शक्ती का खर्च करते?

उत्तर (बीजांकुर):
मिटलेल्या फुलात बी हमखास धरते, पण त्यात बाहेरचे गुण येत नाहीत. डार्विन यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परपरागणातून (दुसऱ्या झाडाच्या परागांपासून) आलेली रोपे स्वपरागणातल्या (त्याच झाडाच्या परागांपासून आलेल्या) रोपांपेक्षा बहुधा उंच व सशक्त निघाली होती. म्हणूनच अनेक उमलती फुले स्वतःचे पराग स्वतःपासून दूर ठेवतात.

सूर्यफुलाच्या मधल्या चकतीतले एखादे बारीक फूल भिंगाखाली पाहावे. त्यातले परागकोश (पराग धरणाऱ्या पिशव्या) एकमेकांना चिकटून नळी झालेली असते, कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) त्या नळीतून वर सरकताना पराग बाहेर ढकलतो आणि ते बहुतांशी कीटकांनी नेल्यावरच कुक्षीचे (त्या दांड्याच्या पराग झेलणाऱ्या टोकाचे) दोन भाग उलगडून पराग घेण्याजोगे होतात. मात्र त्याच चकतीतल्या शेजारच्या फुलाचे पराग आले, तर आनुवंशिक दृष्टीने ते स्वपरागणच ठरते.

उत्तर (पर्णिका):
वेळेचे अंतर पुरेसे नसेल तिथे रासायनिक ओळख कामी येते. कोबीच्या कुळातील अनेक वनस्पतींत स्वतःचा परागकण कुक्षीवरच अडवला जातो, तर सफरचंदात परागनलिका (परागकणातून फुटणारी बारीक नळी) कुक्षीवृंतात काही अंतर उतरून थांबते. परका पण त्याच जातीचा पराग असेल, तर नलिका थेट बीजांडापर्यंत पोहोचते आणि दोन पुंयुग्मके (नर प्रजननपेशी) आत सोडते. त्यांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण घडतो व दुसऱ्यापासून त्याला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ साली दाखवून दिले. मला तर सपुष्प वनस्पतींच्या प्रजननातला हाच सर्वांत विलक्षण टप्पा वाटतो.

रानवाट:
आभारी आहे. मग वांग्याची फुले पूर्ण उमलूनही पुष्कळशी गळतात, ती पराग न मिळाल्यामुळेच का?

उत्तर (बीजांकुर):
नेहमीच नाही. आधी कुक्षी पाहावी. ती पिवळ्या परागकोशांच्या बाहेर डोकावत असेल तर फळ धरण्याची शक्यता चांगली असते. कुक्षीवृंत आखूड राहून ती आत दडलेली असेल तर ते फूल बहुधा गळतेच. दुसरे असे की वांग्याचे परागकोश उभे न फाटता टोकाशी बारीक छिद्रांनी उघडतात, त्यामुळे पराग हादऱ्यानेच बाहेर पडतात. भुंगे फुलाला घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात, जे मधमाश्यांना जमत नाही. वाजता नादकाटा (ठोकल्यावर थरथरत नाद देणारा धातूचा चिमटा) परागकोशांना हलकेच टेकवला, तर पराग धुळीसारखे खाली पडताना स्पष्ट दिसतात.