मदत हवी आहे: द्विशिक्षकी शाळेसाठी छोटे व्हिडिओ बनवायचेत, कुठल्या विषयाचे आणि कसे?

नमस्कार मंडळी,

मी मेळघाटात धारणी तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, आणि त्यातला एक कायम कुठल्यातरी मीटिंगला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बाहेर, म्हणजे बऱ्याचदा चार वर्ग आणि मी एकटा. लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही मिळालाय, पेनड्राइव्ह चालतो, रेंज मात्र शाळेत येत नाही, त्यासाठी टेकाडावर जावं लागतं.

तर सध्या मी काय करतो की पहिली-दुसरीला घेऊन बसलो की तिसरी-चौथीला डाउनलोड केलेला एखादा व्हिडिओ लावून देतो, गणित म्हणा परिसर अभ्यास म्हणा इंग्रजी म्हणा, जे मिळेल ते. पोरं एकदम चिडीचूप बसतात, बघायला छान वाटतं, केंद्रप्रमुख आले तर खुश होऊन जातात. पण नंतर विचारलं "काय पाहिलं रे" तर शून्य. व्हिडिओतलं गाणं पाठ असतं, ससा आला होता हे आठवतं, पण भागाकार काही आलेला नसतो. शिवाय आमची पोरं घरी कोरकू बोलतात आणि कोरकूचा मराठीशी काही संबंध नाही, ती मुंडा कुळातली भाषा. चौथीपर्यंत मराठी बऱ्यापैकी येते पण व्हिडिओतल्या ताई ज्या स्पीडने बोलतात ते डोक्यावरून जातं.

म्हणून ठरवलंय की आपणच दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ बनवायचे, आपल्या पोरांसाठी. फोन आहे, बाकी काही नाही. प्रश्न असे:

१. कुठल्या विषयाला व्हिडिओचा खरंच उपयोग होतो आणि कुठे उगाच मेहनत?
२. भाषेचं काय करू?
३. मी दुसऱ्या वर्गावर असताना पोरं नुसती बघत न बसता काहीतरी करतील असं कसं जमवायचं?
४. फोनवर शूट केलेलं टीव्हीवर लावलं तर नुसता आवाज येतो, चित्र काळं. हे काय असतं?

एडिटिंग वगैरे फार येत नाही, त्यामुळे सोपं सांगा.

---

पाटीपेन्सिल: सर, चौथ्याचं उत्तर सोपं आहे ते आधी देतो. नवीन फोन एच.२६५ नावाच्या प्रकारात रेकॉर्ड करतात, फाइल लहान होते पण जुन्या टीव्हीला ती वाचता येत नाही, म्हणून आवाज येतो आणि चित्र नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' किंवा 'एचईव्हीसी' असं काहीतरी असेल ते बंद करा, मग एच.२६४ मध्ये होईल आणि चालेल. आधी काढलेले व्हिडिओ लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात बदलून घ्या. आणि दुसऱ्या शिक्षकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की ते दाबून पाठवतं आणि फळ्यावरचे आकडे दिसेनासे होतात.

आवाजाचं म्हणाल तर महागडा कॅमेरा नको पण कॉलरला लावायचा साधा माइक घ्याच. चित्र जरा धूसर असेल तर पोरं चालवून घेतात, आवाज घुमला की संपलं. आणि पत्र्याची शाळा असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा नाद सोडा :)

---

निवृत्त_गुरुजी: तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बाकीचे त्याच्यातूनच सुटतील असं मला वाटतं.

पोरं शांत बसतात याचा अर्थ शिकतात असा नाही, हे तुम्ही स्वतःच पाहिलंय. डेरेक म्युलर म्हणून एक आहेत, आता त्यांचं यूट्यूबवर विज्ञानाचं मोठं चॅनल आहे, त्यांनी सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली, २००८ साली. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना दोन प्रकारचे व्हिडिओ दाखवले. एकात सरळ, स्वच्छ, बरोबर स्पष्टीकरण. दुसऱ्यात आधी कोणीतरी नेहमीचा चुकीचा समज बोलून दाखवतो, मग त्यावर वाद होतो आणि मग खरं काय ते येतं. पहिला व्हिडिओ पाहणारे म्हणाले एकदम क्लिअर आहे, पण टेस्टमध्ये फारसा फरक नाही. दुसरा पाहणारे म्हणाले गोंधळायला होतं, आणि मार्क त्यांचेच वाढले. कारण काय, तर सरळ व्हिडिओ बघताना माणसाला वाटतं हे तर मला माहीतच आहे, आणि तो आपला आधीचा चुकीचा समजच पक्का करून उठतो.

आता ही कॉलेजची पोरं होती, तुमची तिसरी-चौथीची, तरी मुद्दा लागू पडतो. म्हणजे व्हिडिओत उत्तर देऊच नका. अर्ध्यावर थांबवा. उदाहरण घ्या, बाकी उरणारा भागाकार: चौदा बिया, चार द्रोण, एक हात एकेक बी टाकत जातो, प्रत्येकात तीन होतात आणि दोन उरतात. बास, इथे व्हिडिओ संपला. पोरांकडे खऱ्या बिया द्या आणि सांगा की हेच सतरा बिया घेऊन करा आणि किती उरतात ते पाटीवर लिहून ठेवा, मी येऊन बघतो. व्हिडिओ दीड मिनिटाचा आणि काम पंधरा मिनिटांचं, तेवढ्यात तुमची पहिली-दुसरी होते.

विज्ञानाचं तसंच. रिकाम्या ग्लासात कागदाचा बोळा तळाशी घट्ट बसवा, ग्लास उलटा करून सरळ पाण्यात बुडवा. बुडवायच्या आधी व्हिडिओ थांबवा आणि "कागद भिजेल का?" यावर हात वर करायला लावा. भिजेल म्हणणारे जास्त निघतील, मग पुढचा भाग ते डोळे फाडून बघतील. असल्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांचे टाकाऊतून खेळण्यांचे व्हिडिओ आहेतच, छोटे छोटे, मराठीतही आहेत, पुण्याच्या आयुकात (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) असताना त्यांच्या टीमने ढिगाने केले. ते आधी उतरवून घ्या, तयार असताना पुन्हा कशाला बनवायचं.

---

सुगंधा_क: गुरुजींशी सहमत. लांबीबद्दल थोडं सांगते, मी ऑनलाइन कोर्स बनवायच्या कामात आहे. २०१४ साली एडएक्स नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या कोर्सेसचा एक अभ्यास आला होता, व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या, आणि निघालं काय तर व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण सहा मिनिटांच्या पुढे लोक टिकत नाहीत. आणि ते स्वतःहून शिकायला आलेले मोठे लोक! त्यातच असंही दिसलं होतं की तयार स्लाइड दाखवण्यापेक्षा हाताने लिहीत काढत समजावलेलं लोक जास्त वेळ बघतात. त्यामुळे अ‍ॅनिमेशन शिकायच्या भानगडीत पडू नका सर, तुमचा हात, खडू आणि बिया पुरे.

अजून एक, मागे म्युझिक अजिबात लावू नका. तुमच्या पोरांना गाणंच आठवतंय हे तुम्हीच लिहिलंय, त्यात सगळं आलं.

---

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, मी परतवाड्याचा. मले एक सांगा, पोरायले खेड्यात बी आता टीव्हीसमोरच बसवाचं का? आमच्या गुरुजीनं एका छडीवर चार वर्ग सांभाळले. बिया त हातात बी देता येतात न, त्याले व्हिडिओ काऊन पाहिजे?

---

धागाकर्ता: @वऱ्हाडी_ठेचा भाऊ, बिया हातात देतोच, पण "काय करायचं" हे चार वर्गांना एकाच वेळी सांगायला तोंड एकच आहे ना. छडीचं सोडा, आता चालत नाही आणि तेव्हाही किती जणांनी त्या छडीपायी शाळा सोडली ते आपल्याला माहीत आहे.

@पाटीपेन्सिल सर, सेटिंग बदललं, चित्र आलं! खूप खूप धन्यवाद.

@गुरुजी, अर्ध्यावर थांबवायची आयडिया भारी आहे. भाषेचं मात्र अजून अडलंय. मला कोरकू कामापुरती समजते पण बोलताना पोरं हसतात.

---

निवृत्त_गुरुजी: मग आवाजच टाकू नका! बियांच्या व्हिडिओला बोलायची गरज काय? मुका व्हिडिओ लावा, आणि चौथीतली एखादी चुणचुणीत पोरगी टीव्हीशेजारी उभी करा, ती कोरकूत सांगेल काय चाललंय ते. एकदा ही, एकदा दुसरी. सांगणाऱ्याला आधी स्वतः समजून घ्यावं लागतं, म्हणजे निम्मं शिकणं तिथेच झालं. नंतर तेच तुम्ही मराठीत सांगा, तोपर्यंत गोष्ट कळलेली असते, फक्त शब्द नवे असतात.

---

दूरदेशी: मी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, आमची पोरं घरी इंग्रजी बोलतात म्हणजे अडचण उलट्या बाजूने तुमच्यासारखीच. आम्हाला व्हिडिओचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो अक्षरं गिरवायला. 'ज्ञ' किंवा 'ळ' कुठून सुरू करायचा हे फळ्यावर दाखवताना आपलीच पाठ आड येते. फोन वरून खाली बघणारा ठेवा, दोन खुर्च्यांवर पट्टी आडवी टाकून तिला रबरबँडने बांधला तरी होतं, आणि कॅमेऱ्याला मूल बसतं त्या बाजूने दिसू दे, म्हणजे मुलाला तो स्वतःचाच हात वाटतो. सेल्फी कॅमेरा वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये अक्षर उलटं येतं. कागदकाम, शिवण, सूर्यनमस्कार सगळ्याला हीच युक्ती, जिथे हाताची किंवा अंगाची हालचाल शिकायची तिथे व्हिडिओ, कारण तो परत परत मागे नेऊन बघता येतो.

जिथे नाही चालला ते म्हणजे कविता आणि गप्पा. कविता तुम्हीच म्हणा बाई, तुमच्या तोंडाकडे बघून म्हणायला पाहिजे.

---

सुगंधा_क: +१. आणि सर, पाठ्यपुस्तकांचं सरकारी दीक्षा अ‍ॅप वापरत असालच, पुस्तकातला क्यूआर कोड टेकाडावर जाऊन स्कॅन करा आणि व्हिडिओ तिथेच डाउनलोड करून ठेवा, नंतर अ‍ॅपमध्ये बिनरेंजचे चालतात. पण पूर्ण लावू नका, आधी स्वतः बघा आणि प्रश्न कुठे विचारायचा ती मिनिटं चिठ्ठीवर लिहून ठेवा. मुलांचे चेहरे तुमच्या व्हिडिओत येणार असतील आणि पुढेमागे यूट्यूबवर टाकणार असाल तर पालकांना विचारून घ्या, नुसते हात दिसले तर तो प्रश्नच येत नाही.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बियांचा मुका व्हिडिओ केला आणि लावला. चौथीतली एक पोरगी सांगायला उभी केली तर ती मोजताना मध्येच थांबली आणि बाकीच्यांनी आरडाओरडा करून आकडा सांगितला, म्हणजे शांतता गेली एकदाची! द्रोण मात्र कमी पडले. गिरवायचे व्हिडिओ पहिलीसाठी आता करतोय, पट्टी आणि रबरबँड जमलं, फोन एकदा पडला पण फुटला नाही.

आता अडलंय ते चौथीच्या 'शिवछत्रपती' या पुस्तकापाशी. जे व्हिडिओ मिळतात त्यात तलवारी, ढोल आणि मोठमोठ्याने संवाद, पोरांना आवडतात पण तोरणा कुठे, पुरंदर कुठे, पन्हाळा ते विशाळगड म्हणजे केवढं अंतर, हे काही कळत नाही. आमच्या पोरांनी ते किल्ले पाहिलेले नाहीत. त्यांना किल्ला म्हटलं तर गाविलगड आणि नरनाळा, आणि ते दोन्ही पुस्तकातल्या गोष्टीत नाहीत. वाळूत नकाशा काढून वरून शूट करावा असं डोक्यात आहे, पण डोंगर दाखवायला काय वापरू? मातीचे केले तर वाळल्यावर भेगा पडतात आणि परत शूट करायचं तर सगळं पहिल्यापासून. कोणी केलंय का असं काही?

---

पाटीपेन्सिल: शेणात माती कालवा सर, भेगा कमी पडतील. आणि एका मापाचा दोरा ठेवा, म्हणजे गाविलगड ते नरनाळा एवढा तर पन्हाळा ते विशाळगड केवढा, हे पोरं स्वतःच लावून बघतील.