टेन-ट्वेंटीटूचा ट्रिगर बदलायचा की बोट तयार करायचं?

ऑस्टिनचा_नेमबाज:
रुगर 10/22 (टेन-ट्वेंटीटू) ही .22 या छोट्या काडतुसाची रायफल 1964 पासून बाजारात आहे. अमेरिकेत नेमबाजी शिकायला लागलेल्यांच्या हातात बरेचदा हीच पडते, आणि इथे रेंजवर जाऊ लागलेल्या आपल्या मराठी मंडळींकडेही मला हीच जास्त दिसते. रायफल उत्तम आहे, पण कारखान्यातून येणारा ट्रिगर फार जड. साधारण सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास जोर लावल्याशिवाय सुटत नाही. हीच रायफल साध्या, आखूड कार्बाइन रूपात स्वतः भरते जेमतेम पाच पौंड. जी वस्तू हलू द्यायची नाही, तिच्या वजनाहून जास्त जोर एका बोटाने तिच्यावर लावायचा! मग गोळी सुटायच्या क्षणी नेम सरकतो आणि नवखा समजतो की आपल्याला जमत नाही.

माझं मत असं की नवशिक्याने दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी ट्रिगर बदलावा. पण अख्खा संच बदलावा. 10/22 चा ट्रिगरचा पूर्ण डबा दोन आडव्या पिनांवर बसतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, लाकडी दस्ता उतरवा, पिना काढा, जुना डबा बाहेर आणि नवा आत. रुगरचाच बीएक्स-ट्रिगर अडीच ते तीन पौंडांवर सुटतो. टिमनी आणि व्होल्कार्टसेन या कंपन्यांचेही संच मिळतात. कानस घेऊन सिअर (फटका मारणाऱ्या हॅमरला अडवून धरणारा तुकडा) घासणं किंवा व्हिडिओ बघून स्प्रिंग कापणं याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

डुलुथकर:
सपशेल असहमत. मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जातो तेव्हा हातात जाड मोजे असतात. बोट ट्रिगरला टेकलंय की नाही हेच नीट कळत नाही. तिथे अडीच पौंड म्हणजे संकट.

आणि रेमिंग्टन 700 विसरू नका. 1962 ची रायफल, लाखोंनी खपली. चापाला बोट न लावता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून वर्षानुवर्षे खटले चालले. 2014 च्या एप्रिलमध्ये तर कंपनीने एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवल्या. एवढी यंत्रसामग्री असलेल्या कारखान्याकडून चूक होते, आणि आपण जेवणाच्या टेबलावर बसून पिना काढायच्या?

ऑस्टिनचा_नेमबाज:
उदाहरण खरं आहे, पण ते माझ्या मुद्द्याला लागू होत नाही. 2014 ला परत मागवण्याचं कारण ट्रिगर हलका होता हे नव्हतं. जोडणी करताना काही ट्रिगरमध्ये चिकटवण्याचं द्रव्य जास्त गेलं होतं. रेमिंग्टनच्याच जुन्या वॉकर ट्रिगरवरचा वाद त्यातल्या ‘कनेक्टर’ नावाच्या सुट्या तुकड्यावर होता. दोन्ही दोष रचनेचे आणि बनावटीचे, वजनाचे नव्हेत. जड ट्रिगर म्हणजे सुरक्षित ट्रिगर ही समजूतच मला धोक्याची वाटते, कारण तिच्या भरवशावर माणूस नळीच्या दिशेबद्दल निष्काळजी होतो.

शिकारीच्या रायफलबद्दल तुमचं बरोबर आहे. मी रेंजवरच्या .22 बद्दल बोलतोय.

डुलुथकर:
चिकटद्रव्याचं मान्य. पण वजन आणि रचना इतकी वेगळी काढता येत नाहीत. ट्रिगरचा जोर येतो तीन गोष्टींतून: स्प्रिंगचा ताण, पृष्ठभागांचं घर्षण आणि सिअर हॅमरला किती खोल अडकलाय ते. स्वस्तात हलका करणारा बहुतेक वेळा तिसऱ्याला हात घालतो. अडकण जितकी कमी, तितकी मळ, गोठलेलं जुनं तेल किंवा एखादा धक्का सहन करायची ताकद कमी. थंडीत तेल घट्ट होऊन सिअर पूर्ण जागेवर परतत नाही, हे आमच्याकडे प्रत्येक जुना शिकारी सांगेल.

सॅव्हेज या रायफल कंपनीने 2002 च्या सुमारास ॲक्युट्रिगर आणला तो याच भीतीपोटी. ट्रिगरच्या मधोमध एक पातं असतं. ते दाबल्याशिवाय सिअर सुटला तरी पुढे अडतो. म्हणून तिथे दीड पौंडापर्यंत खाली जाता येतं. असं काही आत असेल तर हलकेपणाला माझी हरकत नाही. नुसता हलकेपणा नको.

एडिसनवाला:
मी काटकसरी माणूस. अख्ख्या संचाऐवजी दहा-पंधरा डॉलरच्या स्प्रिंगा घातल्या तर? दुकानदार म्हणाला दीड पौंड तरी कमी होईल.

ऑस्टिनचा_नेमबाज:
कोणती स्प्रिंग, ते आधी विचारा. हॅमरची स्प्रिंग नरम केली की फटका नरम होतो. .22 रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि ती कड चेपली गेली तरच तो पेटतो. फटका कमी पडला की गोळी उडतच नाही, आणि न उडालेलं काडतूस आत असणं ही वेगळी काळजी.

दुसरं, ही सेमी-ऑटो आहे, म्हणजे दर दाबाला एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. सिअर धड अडकला नाही तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. जिवाचा धोका आहेच, शिवाय ट्रिगरच्या एका क्रियेत एकाहून जास्त गोळ्या झाडणारं हत्यार इथला केंद्रीय कायदा 1934 पासून मशीनगनमध्ये धरतो. संचाचे पैसे वाचवायला हे नको.

बालेवाडीकर:
पुण्याहून. आमच्याकडे हा प्रश्नच वेगळा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरबदल करायलाही परवाना लागतो, त्यामुळे घरी पिना काढायचा विषय संपला. पण हलक्या ट्रिगरची भीती बघून आश्चर्य वाटलं. 10 मीटर एअर रायफलला जागतिक नियमांत ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादाच नाही. मॅच रायफली शंभर-सव्वाशे ग्रॅमवर लावलेल्या असतात आणि शाळकरी मुलं त्या चालवतात. 50 मीटरलाही तेच, ज्यातल्या थ्री पोझिशन (तीन पवित्र्यांतून नेमबाजी) प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं. एअर पिस्तुलाला मात्र किमान 500 ग्रॅम लागतात.

हे सुरक्षित राहतं ते रेंजच्या शिस्तीमुळे. आज्ञा मिळाल्याशिवाय लोडिंग नाही, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), नळी कायम टार्गेटकडे. आणि ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संपल्यावर बोटाला भिंत लागते, तिथे थांबायचं आणि मग दाब वाढवायचा. खरं शिक्षण त्या भिंतीपाशी होतं. ऑस्टिनकर वजनावरच अडलेत. ट्रिगर स्वच्छ सुटतो की घरंगळत सुटतो, हे वजनाहून महत्त्वाचं.

डुलुथकर:
अगदी! इथल्या सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) या संस्थेच्या, लष्करी धाटणीच्या ‘सर्व्हिस रायफल’ स्पर्धांत साडेचार पौंडांहून हलका ट्रिगर चालतच नाही, आणि ती माणसं 600 यार्डांवर टार्गेटचं काळं वर्तुळ फोडतात. स्वच्छ सुटणारे साडेचार पौंड पुरतात.

ऑस्टिनचा_नेमबाज:
त्या रायफली उचलून बघा. कित्येकांच्या दस्त्यात शिसं भरलेलं असतं. असल्या जड रायफलवर साडेचार पौंडांचा जोर आणि पाच पौंडांच्या रायफलवर सहाचा, हे एकच कसं? मी अडीच पौंडच हवेत म्हणत नाही. जोर रायफलच्या वजनाच्या बराच खाली हवा, एवढंच माझं म्हणणं.

स्वच्छ सुटण्याचा मुद्दा मात्र बालेवाडीकरांचा बिनतोड आहे. संच निवडताना मीही तोच आधी बघेन.

एडिसनवाला:
मग स्प्रिंगा रद्द. बीएक्स घेतो. बसवल्यावर काय तपासू?

डुलुथकर:
माझा विरोध कायम आहे, पण बसवणारच असाल तर सांगतो. रायफल रिकामी, दोनदा तपासलेली, खोलीत एकही काडतूस नाही. बोल्ट जोरात सोडा, हॅमर पडता कामा नये. चढवलेल्या हॅमरवर सेफ्टी लावा, ट्रिगर ओढा, सोडा, सेफ्टी काढा. तेव्हाही पडता कामा नये. मग दस्ता रबरी चटईवर आपटून बघा. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, मग दोन. यातलं काहीही चुकलं तर डबा काढून गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) न्या, स्वतः उघडू नका.