मदत हवी आहे: मे महिन्यात घालता येईल अशी जीन्स आणि टिकणारी चप्पल (शनिवारच्या आत सांगा)

कैरी_मीठ
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते कारण वेळ नाहीये. जीन्स घातली की दुपारी बारानंतर जीव नकोसा होतो, मांड्यांना आतून घासून लाल झालंय, कंबरेच्या पट्ट्याखाली घामोळं उठलंय. आणि चपला. या सीझनला दुसरी गेली. पहिलीचा तर सोल भाकरीच्या चुऱ्यासारखा गळून पडला, मागे वळून बघते तर पाखाडीच्या पायऱ्यांभर काळे तुकडे, जणू मीच वाट दाखवत चाललेय कुणाला. शनिवारी बाजारात जातेय, त्यानंतर महिनाभर जमणार नाही. कुठली जीन्स, कुठली चप्पल? आणि प्लीज "जीन्स घालूच नकोस" असं सांगू नका.

पेणची_पापडी
जीन्स घालूच नकोस ग. आपल्या हवेला ती नाहीच. कॉटन कुर्ती आणि पलाझो, बघ कसं मोकळं मोकळं वाटतं. मी गेली सहा वर्षं दुसरं काही घातलं नाही.

कैरी_मीठ
😑

वालावलकर_भावजी
गो बाय, तू खंय रवतस ता आधी सांग. मालवण, देवगड, रत्नागिरी, सगळ्या बाजारात काय एकच माल गावता काय?

कैरी_मीठ
कोकणात. मालगुंडच्या जवळ. शनिवारी रत्नागिरीला, राम आळीत. झालं?

सुई_दोरा
नाही झालं ताई. बजेट किती, कंबर किती, आत्ताची जीन्स कसल्या कापडाची आहे? आतल्या बाजूला शिवणीत लेबल असतं त्यावर काय लिहिलंय ते बघून सांग. आणि जीन्सच का हवी, ऑफिस आहे का?

कैरी_मीठ
दोन्ही मिळून दोन हजार. ३२. लेबल खाजतं म्हणून कापून टाकलं होतं.

इंडिगो_वेडा
मुळात लोकांना डेनिम म्हणजे काय हेच माहीत नसतं म्हणून हे प्रॉब्लेम येतात. डेनिम ही ट्विल म्हणजे तिरप्या रेषांची वीण आहे, उभा धागा निळा आणि आडवा पांढरा, म्हणून उलट्या बाजूने ती फिकी दिसते. वजन औंसात मोजतात, चौरस यार्डाला. १ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम. खरी जीन्स १२ ते १४ औंसांची, शुद्ध कॉटन, न धुतलेली. ती सहा महिने अंगावर मोडू दे, मग ती तुझी होते. आणि धुवायची नाही! वास आला तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, जंतू मरतात.

कैरी_मीठ
आमच्या फ्रीजरमध्ये आमरस आहे.

सुई_दोरा
वेडा साहेब, तुम्ही कुठे राहता? मे महिन्यात समुद्राकाठी १४ औंस म्हणजे अंगाभोवती गोधडी गुंडाळणं. इथे पारा ३३-३४ च दाखवतो पण हवा इतकी ओली की घाम वाळतच नाही, तोच तर खरा त्रास आहे. आणि फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत हो, गारठून गप्प बसतात, बाहेर आले की परत कामाला. घामाचं मीठ आणि तेल तर कापडात तसंच राहतं. न धुतलेली घामट जीन्स घालून तिच्या मांड्यांना गजकर्ण झालं तर तुम्ही मलम पाठवणार आहात का?

इंडिगो_वेडा
पुण्यात. पण तत्त्व तेच आहे.

वालावलकर_भावजी
पुण्यात 😂😂

सुई_दोरा
कैरी, ऐक. दुकानात औंस कोणी सांगणार नाही, विचारलंस तर सोनाराकडे जा म्हणतील. मांडीच्या जागी कापड दोन बोटांत दुमडून बघ, दुमड जाड आणि ताठ राहिली की ठेवून दे. सहजासहजी पडली, हातात लोळली, तर ते ८-९ औंसाच्या आसपासचं असेल, तेच घे. लेबलवर कॉटन ९८ टक्के आणि इलास्टेन (ताणणारा धागा) २ चालेल, वाकायला बरं पडतं. पॉलिएस्टर २०-३० टक्के दिसलं तर नको, घाम तिथेच राहतो. लायोसेल (लाकडाच्या लगद्याचा मऊ धागा) मिसळलेली मिळाली तर सोनं, पण दोन हजारात चपलेसकट जमेल असं वाटत नाही. कट सरळ किंवा सैल घे, घट्ट स्किनी ओल्या अंगाला चिकटते आणि तीच घासते. माप बघताना नुसतं उभं राहून नाही, उकिडवं बसून बघ. आणि घासण्याचं मूळ बहुतेक आतल्या मांडीची जाड शिवण असते, तिथे आतून बोट फिरवून बघायचं.

रेवस_रेवदंडा
त्यापेक्षा शांब्रे घे ना. दिसायला डेनिमसारखं, पण साधी वीण, पातळ. माझ्याकडे शांब्रेची नाडीवाली पँट आहे, लांबून कोणी ओळखत नाही.

इंडिगो_वेडा
शांब्रे म्हणजे डेनिम नव्हे.

रेवस_रेवदंडा
तेच तर लिहिलंय वरती.

पेणची_पापडी
मला अजून कळलं नाही एवढा जीन्सचा हट्ट कशाला. नवऱ्याला आवडते का?

कैरी_मीठ
नवऱ्याचा काय संबंध 🙄 आंब्याचा सीझन आहे, आमची बाग आहे, मी सकाळी सातपासून खळ्यात पेट्या भरते. देठ मोडला की चीक उडतो, कातडीवर पडला तर भाजल्यासारखा चट्टा उठतो, गेल्या वर्षीचा डाग अजून पोटरीवर आहे. पलाझो क्रेटच्या कोपऱ्यात अडकून एकदा टराटरा फाटला, ओढणीचं तर बोलूच नका. दुपारी गाडी आली की रस्त्यावरच्या स्टॉलवर, संध्याकाळी दोन खोल्यांत पाहुणे. आणि मुख्य म्हणजे मला खिसे हवेत. फोन, खोल्यांच्या किल्ल्या, मार्कर, सुतळी कापायचा कटर, सुट्टे पैसे. कुर्तीच्या खिशात हे घातलं की एक बाजू गुडघ्यापर्यंत लोंबते. हे सगळं लिहायला लागेल असं वाटलं नव्हतं, जीन्स म्हटल्यावर कळतं ना माणसाला.

सुई_दोरा
बाई ग. हे पहिल्यांदा लिहायचं. म्हणजे अगदी पातळ पण नको, चीक आरपार जाईल. मग शांब्रे बाद, ९ औंसच बरी.

इंडिगो_वेडा
आता कळलं. मग तू जीन्सची खरी वारसदार आहेस. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे अमेरिकेत अशीच तक्रार आली होती, कामगारांच्या पँटीचे खिसे फाटतात म्हणून. त्याने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि लीव्हाय स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याबरोबर २० मे १८७३ ला पेटंट घेतलं. खिसाच तर मूळ आहे सगळ्याचं. पण बायकांची वेगळी जीन्स त्यांनी काढली १९३४ साली. एकसष्ट वर्षांनी!

कैरी_मीठ
आणि अजून खिसे बोटभर. ट्रायलमध्ये फोन घालून बघते, अर्धा बाहेर राहिला तर नाही घेत.

रेवस_रेवदंडा
पुरुषांच्या सेक्शनमधली घे. ३२ कंबर, सैल कट, लांबी शिंप्याकडून कापून घे. मी तेच करते. खिशात नारळ मावेल.

सुई_दोरा
पुरुषांची नितंबात अडते आणि कंबरेत मागे पोकळ राहते, वाकली की सगळं दिसतं. पण करून बघायला हरकत नाही. टक्स घालता येतात मागून.

बंदरावरचा_म्हातारा
मुलींनो, एक सांगतो. डंगरी हा इंग्रजी शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथलं जाडंभरडं सुती कापड, जहाजांवर खलाशी घालायचे, शिडालाही वापरायचे. डेनिम फ्रान्सच्या नीम गावावरून आणि जीन्स इटलीच्या जिनोआवरून म्हणतात. म्हणजे तिन्ही गावंच. आमच्या वडिलांची बोटीवरची डंगरी मी पाहिलेली आहे, धुतली की दोरीवर एकटी उभी राहायची. तिला वाळायला दोन दिवस लागत आणि पावसाळ्यात तर वाळायचीच नाही, चुलीवर टांगायचे.

वालावलकर_भावजी
आजोबा मस्त. बाय, आंब्याची पेटी कितीक देतस?

कैरी_मीठ
भावजी मेसेज करा. चपलेचं कोणीच सांगत नाहीये!!

कोळथरे_ते_कुर्ला
मी सांगते. सरळ कोल्हापुरी. कातडी, पाय श्वास घेतो, जीन्सवर शोभते. भौगोलिक मानांकन आहे तिला २०१९ पासून. बाकी सगळा प्लास्टिकचा कचरा.

रेवस_रेवदंडा
खळ्यात आंबे धुताना कोल्हापुरी? एकदा भिजली की पापडासारखी वाकडी, दोनदा भिजली की बुरशी. लग्नाकार्याला छान.

कोळथरे_ते_कुर्ला
तेल लावायचं असतं. लोकांना निगा राखायला नको.

जुना_बूट
थांबा. सोल चुऱ्यासारखा गळला म्हणालात ना, ती चप्पल किती दिवस घातली होती?

कैरी_मीठ
ती? दोनदा. नणंदेच्या लग्नाला घेतलेली, दोन वर्षांपूर्वी, मग बॉक्ससकट कपाटात. नवीच होती म्हणून तर राग. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला दुसरं काय.

जुना_बूट
दुकानदाराचा दोष असेलच असं नाही. तो पीयूचा सोल, म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतली ओल हळूहळू त्याची साखळी तोडते, याला हायड्रोलिसिस म्हणतात. वापरा न वापरा, होतंच, बंद कपाटात दमट हवेत दोन पावसाळे काढले की पायात घालायचा अवकाश, चुरा. आपल्या किनाऱ्यावर जपून ठेवलेली चप्पल वापरलेल्यापेक्षा आधी मरते असं म्हटलं तरी चालेल. ईव्हीए किंवा रबराचा सोल असा विरघळत नाही. ईव्हीए हलकं, फोमसारखं, पण झिजतं लवकर आणि ओल्या फरशीवर घसरतं. खाली रबराची पट्टी लावलेली मिळते ती बघा. दुसरी चप्पल कशी गेली?

कैरी_मीठ
तिचा सोल पुढून उघडला, मगरीसारखा. ती रोज वापरते. रात्री स्कूटीवरच राहायची, डिकीत.

जुना_बूट
डिकी उन्हात तापते, गोंद सुटतो. नवीन घेतलीत की पहिल्याच दिवशी मोच्याकडून सोलच्या कडेने शिलाई मारून घ्या, थोडक्यात काम होतं. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, पाखाडी उतरताना टाच सुटत नाही. आणि संध्याकाळी घ्या, उभं राहून पाय सुजतात, सकाळच्या मापाची संध्याकाळी चावते.

कैरी_मीठ
शनिवारी सकाळच्या गाडीने जायचंय. पण उभं राहणं आहेच दिवसभर, चिऱ्याची जमीन, घरात नवी टाईल. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकवत नाहीत, टाचेत खिळा घुसल्यासारखं, मग चालायला लागलं की जरा बरं. ते असो, सगळ्यांचंच दुखतं.

फिजिओ_चिपळूण
"ते असो" नाही हो ताई, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पहिल्या पावलांना टाच दुखणं आणि नंतर मोकळं होणं, हे बहुतेक वेळा तळव्याच्या पडद्याला सूज आल्याचं लक्षण असतं. न तपासता नक्की सांगत नाही, दाखवून घ्या. तोवर पातळ सपाट चप्पल बंद, अगदी कोल्हापुरीसुद्धा. टाचेखाली दोनेक सेंटीमीटर उंची, मध्ये कमानीला आधार, हाताने वाकवली तर बोटांपाशी वाकली पाहिजे, मधून घडी पडली तर ठेवून द्या. घरात टाईलवर अनवाणी फिरू नका, घरात वापरायची वेगळी मऊ ठेवा. अंथरुणातून उठायच्या आधी पंच्याने पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणा. आणि पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून संध्याकाळी तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा.

कैरी_मीठ
सगळ्यांना माझ्या फ्रीजरवरच डोळा आहे. घरात चप्पल घातली तर सासूबाई काय म्हणतील ते वेगळंच. देवाच्या खोलीत नाही घालणार म्हणते.

कोळथरे_ते_कुर्ला
कोल्हापुरीलाही टाच मिळते हल्ली.

रेवस_रेवदंडा
निळ्या जीन्सवर पांढरी सँडल नको घेऊस, पट्टे निळे होतात. पहिल्या धुण्याला मूठभर मीठ घाल, रंग पक्का होतो.

इंडिगो_वेडा
होत नाही! नीळ धाग्याच्या वरवर बसलेली असते, मिठाने की व्हिनेगरने ती पक्की होत नाही. उलटी करून, थंड पाण्यात, एकटी धू आणि सावलीत वाळव.

रेवस_रेवदंडा
माझ्या आईने आयुष्यभर मीठ घातलंय.

बंदरावरचा_म्हातारा
खाऱ्या हवेने चेन अडकते. मेणबत्ती घासायची दातांवर.

कैरी_मीठ (शनिवार रात्री)
आले. दुकानात कापड दोन बोटांत दुमडत बसले होते तर तो मुलगा म्हणाला, ताई साडी नाहीये ती. चार दुकानं फिरले. बायकांची मिळाली ती बऱ्यापैकी मऊ होती पण खिशात फोन अर्धा. शेवटी पुरुषांचीच घेतली, सैल, गडद निळी, ८५० ला, कॉटन ९८ टक्के. कंबरेत मागे पोकळ आहे, सुई_दोरा बरोबर होती, टक्स घालायला टाकलीय. शिवण बोट फिरवून बघितली, चपटी आहे. चपलेचं अर्धंच जमलं. मागे पट्ट्याची, खाली रबर, मधून वाकत नाही, पण काळी आणि दिसायला अगदीच शाळेच्या मुलासारखी. मोच्याने शिलाई मारून दिली, त्याने विचारलं, नवीच का शिवताय. डिकीत ठेवणार नाही. टाच सोमवारी दाखवते. घरात घालायची घेतली होती मऊ, गुलाबी, ती सासूबाईंनी पायात घालून बघितली आणि अजून परत दिलेली नाही.

पेणची_पापडी
गुलाबी कितीला मिळाली?

वालावलकर_भावजी
बाय मेसेज केलंय, बघ. दोन पेट्ये. पिकलेले नको, अढीत लावूक होये.