शब्द हवा: असॉल्ट वेपनला मराठीत काय म्हणायचं? (आणि मुळात ते आहे तरी काय)

एडिसनकर
नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाचा छोटासा अंक निघतो, त्यात यंदा शाळेतल्या लॉकडाउन ड्रिलवर (बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याची तालीम) एका आईने लेख लिहिलाय आणि मुद्रितशोधनाचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. लेखात जागोजागी "असॉल्ट वेपन्सवर बंदी आलीच पाहिजे" असं आहे. म्हटलं जरा मराठी शब्द घालू, तर आक्रमक शस्त्रं, हल्ल्याची हत्यारं, हल्लेखोर बंदुका असं काहीबाही सुचतंय आणि वाचून माझं मलाच हसू येतंय. हल्लेखोर माणूस असतो हो, बंदूक कशी हल्लेखोर असेल. सुचवा काहीतरी.

पानटपरी
हल्ला-शस्त्र. झालं काम. पुढचा धागा.

कुसुंबी
पानटपरी, असं कुठलं शस्त्र आहे जे हल्ल्याचं नाही? कोयता, कुऱ्हाड, गावठी कट्टा सगळंच हल्ल्याचं की. मग वेगळेपण काय राहिलं?

पानटपरी
ढाल 😄

टिपकागद
कुसुंबी म्हणतायत तीच खरी मेख आहे. आधी मूळ शब्दाची वंशावळ बघू मग भाषांतराचं बोलू. असॉल्ट रायफल हा शब्द जर्मनीतून आला. १९४४ मध्ये तिथे एक बंदूक आली तिचं नाव श्टुर्मगेवेर ४४, हे नाव खुद्द हिटलरने दिलं असं सांगतात. श्टुर्म म्हणजे वादळ आणि श्टुर्म म्हणजेच शत्रूच्या ठाण्यावर धावा घालणं, दोन्ही. इंग्रजीने त्यातला धावा उचलला, असॉल्ट. म्हणजे मूळ अर्थ सैन्यातला आहे, मारामारीतला नाही. मराठीत शब्दशः करायचंच तर "धाव्याची रायफल", पण हल्ली आपण धावा फक्त देवाचाच करतो त्यामुळे ते जमणार नाही. एल्गार चांगला होता, तो आता मोर्चेवाल्यांनी नेला.

पण थांबा. असॉल्ट रायफल आणि असॉल्ट वेपन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मं भांडण इथेच सुरू होतं. असॉल्ट रायफल ही लष्करी संज्ञा, तिला बऱ्यापैकी पक्की व्याख्या आहे: आखूड, मध्यम ताकदीचं काडतूस, आणि खटका फिरवून एकेक गोळी किंवा सलग गोळ्या असं दोन्ही झाडता येणारी. एके ४७ ही तशी. अमेरिकेत अशी सलग झाडणारी बंदूक सामान्य माणसाला घेणं १९३४ च्या कायद्यापासूनच अवघड आहे आणि १९८६ नंतर नव्याने बनलेली तर मिळतच नाही. त्यामुळे बंदीचा सगळा वाद जिच्यावर चाललाय ती असॉल्ट रायफल नाहीच, ती तिच्यासारखी दिसणारी अर्धस्वयंचलित. तिला कायद्याने दिलेलं नाव म्हणजे असॉल्ट वेपन.

मधली आळी
अर्धस्वयंचलित म्हणजे आमच्या वॉशिंग मशीनसारखं का? धुणार ती, पण पिळायला कपडे आपण उचलून दुसऱ्या टबात टाकायचे?

दुनळी
मधली आळी ताई, उदाहरण भारी आहे पण थोडं वेगळं. माझ्याकडे आजोबांपासून चालत आलेली बाराबोर आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरं हाकलायला (आणि दर इलेक्शनला पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायला 😑). ती दुनळी. दोन बार झाले की मोडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची, सगळं हाताने. अर्धस्वयंचलितमध्ये बार झाला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं आणि पुढचं आपोआप नळीत चढतं, पण उडवायला चाप पुन्हा ओढावा लागतो. एक ओढ, एक गोळी. पूर्ण स्वयंचलितमध्ये चाप दाबून धरला की डबा (गोळ्यांचा, म्हणजे मॅगझीन) रिकामा होईपर्यंत चालूच. म्हणजे अर्ध काय आणि पूर्ण काय, फरक सगळा चापात आहे. भरणं दोन्हीकडे आपोआपच.

म्हणून मला विचाराल तर अर्धस्वयंचलित हा शब्दच फसवा आहे, ऐकणाऱ्याला वाटतं अर्धवटच काहीतरी असेल, निम्म्या धोक्याची. "स्वभरणी" म्हणा. स्वतः भरते, उडवायचं तुम्ही.

टिपकागद
स्वभरणी! वा. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातला शब्द अगदी हाच आहे, सेल्फ-लोडिंग. १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली त्यानंतर त्यांनी नियम केले तेव्हा असॉल्टबिसॉल्टच्या नादाला लागलेच नाहीत, सरळ स्वभरणी रायफली आणि स्वभरणी शॉटगन सामान्यांसाठी बंद.

घाटपायथा
चाप की घोडा? आमच्याकडे "घोडा दाबला" म्हणतात.

दुनळी
घोडा म्हणजे मागून आपटतो तो, हॅमर. बोटाने ओढतो तो चाप. मुंबईत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, तिथे काय बोलणार.

घाटपायथा
मग पेपरवाले "बंदुकांना चाप" असं हेडिंग देतात ते बरोबरच म्हणायचं 😂

मावळती
गंमत पुरे. एडिसनकर, मी कॅलिफोर्नियात २२ वर्षं आहे, माझ्या दोन्ही मुली ते ड्रिल करत मोठ्या झाल्या, अंधार करून भिंतीला टेकून गप्प बसायचं. तुमच्या लेखिकेला काय म्हणायचंय ते मला शब्दाविना कळतं. आणि खरं सांगू का, ही व्याख्येची चर्चा मी इथे इतक्या वेळा ऐकलीये की आता वीट आलाय. कोणी बंदीचं नुसतं नाव काढलं की बंदूकवाले लगेच म्हणणार, अहो तुम्हाला असॉल्ट रायफल म्हणजे काय तेच माहीत नाही, एआर १५ या रायफलीच्या नावातलं एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे आर्मालाइट रायफल, आधी शिकून या. मान्य आहे, आर्मालाइट ही कंपनी, बरोबर आहे त्यांचं. पण सॅंडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात २० मुलं गेली त्यातल्या एकाच्या तरी आईला कंपनीचं नाव विचारून काय फरक पडणार होता? शब्दाची चूक काढून विषय बंद करायचा ही एक युक्ती आहे.

टिपकागद
मावळती, युक्ती आहे हे मान्य, पण दोन्ही बाजूंची. १९८८ मध्ये बंदुकविरोधी जोश शुगरमन यांनी एका अहवालात जवळपास उघडच लिहिलं होतं की या बंदुकांचं भीतिदायक रूप आणि लोकांचा मशीनगनशी होणारा घोटाळा यामुळे बंदीला पाठिंबा मिळायला मदत होईल. बंदूकवाले आजही ते वाक्य नाचवतात आणि म्हणतात बघा, शब्दच बनावट. पण ते हे सांगत नाहीत की त्याच्या आधी ८० च्या दशकात बंदुकांची मासिकं याच बंदुकांना कौतुकाने असॉल्ट रायफल म्हणत होती, तेव्हा त्या शब्दाने माल खपत होता! शब्द अंगाशी आल्यावर २००९ मध्ये त्यांच्या व्यापारी संघटनेने नवं बारसं केलं, मॉडर्न स्पोर्टिंग रायफल. म्हणजे खेळाची बंदूक. एकाच वस्तूला एक जण धाव्याचं हत्यार म्हणतो, दुसरा खेळाचं. शेवटी २०२२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या बातमीदारांना सांगितलं की दोन्ही टाळा, सेमी-ऑटोमॅटिक रायफल लिहा.

एडिसनकर
बापरे. मी एक शब्द मागितला होता.

बरं एक विचारतो, कायद्यात व्याख्या असेल ना नक्की? ती मराठीत आणली तर?

टिपकागद
आणा, पण कुठल्या कायद्यातली? १९९४ चा केंद्राचा कायदा घ्या, क्लिंटनच्या सहीचा, जो दहा वर्षांच्या मुदतीचा होता आणि १३ सप्टेंबर २००४ ला आपोआप संपला. त्यात काही मॉडेलं नावानिशी होती, आणि बाकीच्यांसाठी एक यादी: मॅगझीन काढता-घालता येणारी स्वभरणी रायफल (दुनळींचा शब्द मी आता वापरणारच), आणि तिला घडीचा दस्ता, खाली ठळक बाहेर आलेली पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची खाच, ज्वाला दडवणारं टोक किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी, ग्रेनेड लाँचर, यापैकी दोन गोष्टी असतील तर ती असॉल्ट वेपन. दोन. एकच असेल तर नाही.

मग कंपन्यांनी काय केलं? खाच घासली, टोक काढलं, नाव बदललं आणि तीच बंदूक विकली. शिवाय कायद्याआधी ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे तशाच राहिल्या. आणि रुगर मिनी १४ म्हणून एक रायफल आहे, लाकडी दस्त्याची, आपल्या दुनळींच्या आजोबांच्या हातात शोभेल अशी. काडतूस एआर १५ चंच, स्वभरणीही तशीच. ती त्या कायद्यात सूट दिलेल्यांच्या यादीत होती (घडीचा दस्ता नसेल तर). संगीन लावून अमेरिकेत कोणी कोणाला भोसकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पण खाचेवर बंदी.

मावळती
म्हणूनच पुढच्या कायद्यांनी ते दुरुस्त केलं, हेही सांगा की. कॅलिफोर्नियाचा पहिला कायदा १९८९ चा, स्टॉकटनच्या शाळेत ५ मुलं गेली त्यानंतरचा, त्यात नावांची यादी होती. कंपन्यांनी नावं बदलली म्हणून १९९९ ला लक्षणं आणली आणि दोनऐवजी एकच पुरे केलं. मग बोटाने मॅगझीन काढता येत नाही, गोळीचं टोक किंवा एखादं टोकदार हत्यार खुपसून बटण दाबावं लागतं अशी पळवाट निघाली, ती २०१६ ला बुजवली. न्यूयॉर्कनेही २०१३ ला एकच लक्षण ठेवलं. पळवाट निघते म्हणून कायदाच नको असं आपण कशाच्याच बाबतीत म्हणत नाही. आणि १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझीनवर त्याच १९९४ च्या कायद्यात बंदी होती, तिचा कोणी उल्लेखच करत नाही कारण तिची टिंगल करता येत नाही. थांबून पुन्हा भरावं लागणं म्हणजे कोणाला तरी पळायला मिळालेले काही सेकंद.

टिपकागद
हे शंभर टक्के मान्य, मॅगझीनचा मुद्दा माझ्याकडून राहिला. दस्त्यापेक्षा डबा महत्त्वाचा.

दुनळी
आपण हसतोय त्यांच्या खाचेला, पण आपल्याकडचं बघा की. आपल्याकडे बोअरवरून ठरतं, पीबी आणि एनपीबी. प्रतिबंधित बोअर आणि बिगरप्रतिबंधित. ९ एमएमचं पिस्तूल प्रतिबंधित कारण फौज-पोलीस तो बोअर वापरतात, .३०३ रायफल प्रतिबंधित त्याच कारणाने. पण .३१५ ची रायफल साध्या परवान्यावर मिळते, सरकारी कारखान्यातलीच, आणि तिची गोळी ९ एमएमच्या कितीतरी पुढची आहे. म्हणजे तिकडे रूप बघतात, इकडे नळीचं माप. फरक एवढाच की इकडे परवाना मिळवतानाच माणूस म्हातारा होतो.

मधली आळी
आपल्याकडे स्वयंचलितची व्याख्या आहे का पण?

टिपकागद
आहे आणि छान आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम. साधारण आशय असा की चापावर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात असं शस्त्र ते निषिद्ध. दुनळींनी वर सांगितलं तेच, फक्त सरकारी भाषेत. १९९३ च्या मुंबईच्या खटल्यांमुळे एके ५६ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो याच प्रकारातला.

अमेरिकेत मशीनगनची व्याख्या "चापाच्या एका क्रियेने एकाहून जास्त गोळ्या" अशी आहे आणि त्यातल्या "एका क्रियेने" या शब्दांवर २०२४ ला सुप्रीम कोर्टात केस झाली. बंप स्टॉक नावाचा दस्ता, २०१७ ला लास वेगासच्या गोळीबारात वापरलेला, तो बंदुकीच्या धक्क्यावरच बंदूक मागेपुढे सरकवतो आणि चाप बोटावर धडाधड आपटत राहतो. बोट तुमच्या लेखी एकदाच हललं, पण चाप प्रत्येक गोळीला वेगळा हलला. मग क्रिया कोणाची मोजायची, बोटाची की चापाची? ६ विरुद्ध ३ ने कोर्ट म्हणालं चापाची, म्हणून ती मशीनगन नाही, म्हणून सरकारची बंदी रद्द. विरोधातल्या न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी बदकाचा दाखला दिला, बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं तर मी त्याला बदकच म्हणणार. आपल्या व्याख्येत "दाब" आहे त्यामुळे आपल्या कोर्टात हा वाद निराळ्या वाटेने गेला असता असं मला वाटतं, पण मी वकील नाही.

पानटपरी
मी ढाल म्हणून गेलो आणि परत येतोय तर इथे सुप्रीम कोर्ट.

कुसुंबी
मग निष्कर्ष काय, असॉल्ट वेपन ही वस्तू नाहीच? ती कायद्याने बनवलेली पेटी आहे, ज्या राज्यात जे आत टाकलं ते. जसं "अल्पभूधारक" म्हणजे जमिनीचा प्रकार नाही, सरकारने आखलेली रेघ.

टिपकागद
कुसुंबी, तुम्ही माझे सहा परिच्छेद एका ओळीत आणलेत. अल्पभूधारक, अगदी तेच. आणि पेटीचं नावसुद्धा एक नाही. एडिसनकरांच्या न्यू जर्सीच्या १९९० च्या कायद्यात असॉल्ट फायरआर्म, कॅलिफोर्नियात असॉल्ट वेपन, मेरीलँडमध्ये असॉल्ट लाँग गन, हवाईत फक्त असॉल्ट पिस्तुलं, कॅनडाने २०२० ला सुमारे १५०० मॉडेलं बंद केली त्यांना म्हणाले असॉल्ट-स्टाइल, म्हणजे "असॉल्टछाप"! हा शब्द मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

मावळती
"छाप" ने हसण्यावारी नेल्यासारखं होतं. त्या रायफलीची गोळी ९ एमएमच्या दुप्पट-अडीचपट वेगाने येते, जखम तशीच होते. छाप म्हणजे नकली, आणि यात नकली काही नाही.

टिपकागद
खरंय. छाप मागे घेतो.

दुनळी
मावळती ताईंचं बरोबर आहे, फक्त एक भर, तो वेग काडतुसाचा आहे, मुठीचा नाही. मिनी १४ मधूनही तेवढाच.

मावळती
मग मिनी १४ पण बंद करा 🙂

दुनळी
तसं असेल तर निदान सुसंगत तरी आहे हो. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चच्या मशिदींमधल्या गोळीबारानंतर २०१९ ला जवळपास तसंच केलं, रूप न बघता बहुतेक सगळ्या स्वभरणी. त्यांच्याकडेही आधी "मिलिटरी स्टाइल" अशी वेगळी पेटी होती.

एडिसनकर
सगळ्यांचे आभार. लेखिकेशी फोनवर बोललो. तिला विचारलं, बाई तुम्हाला नक्की काय बंद करायचंय? ती म्हणाली, भराभर गोळ्या सुटतात आणि डबा मोठा असतो ते. मुठीबिठीचं तिच्या गावीही नाही. तेव्हा आता असं केलंय: जिथे कायद्याचा उल्लेख आहे तिथे "असॉल्ट फायरआर्म" तसंच ठेवलंय, कारण ते आमच्या राज्याने पेटीला दिलेलं नाव आहे, आणि जिथे तिची स्वतःची मागणी आहे तिथे "मोठ्या मॅगझीनच्या स्वभरणी रायफली". खाली तळटीप, स्वभरणी म्हणजे काय. हल्लेखोर बंदुका गेल्या एकदाच्या.

आता संपादक विचारतायत की स्वभरणी हा शब्द कुठल्या कोशात आहे.

दुनळी
सांगा माझ्या.